आचाऱ्याची यादी : प्रस्तावना

आमच्या आदिलाबादकडे लग्न ठरलं की मंडपाच्या आधी आचारी ठरतो, आणि आचारी ठरला की दुसऱ्या दिवशी त्याची यादी येते. वहीच्या फाडलेल्या पानावर, अर्धी मराठीत, अर्धी तेलुगूत, वजनं मात्र बिनचूक. बेसन इतकं, साखर इतकी, तूप, वेलदोडे, तुरीची डाळ, चिंच. घरातली एखादी जाणती आजी ते पान एकदा वरपासून खालपर्यंत वाचते आणि सांगून टाकते, "बुंदी करणार आहे. जिलबी नाही, मैदा कुठे लिहिलाय?" पानावर एकाही पदार्थाचं नाव नसतं. चूल पेटलेली नसते. तरी जेवणाचा बेत कळलेला असतो.

हे पुस्तक त्या आजीच्या कसबाबद्दल आहे. फरक एवढाच, की इथे यादी देणारा संगणकावरचा प्रोग्राम आहे, आणि बेत नेहमीच लग्नाचा असतो असं नाही.

कुठलाही प्रोग्राम स्वतःच्या हाताने फार थोडं करतो. आकडेमोड करील, अक्षरं इकडची तिकडे करील. पण फाइल उघडायची, पडद्यावर खिडकी काढायची, नेटवर्कवर काही पाठवायचं, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, तर त्याला ऑपरेटिंग सिस्टिमपुढे हात पसरावा लागतो. विंडोजमध्ये ही मदत डीएलएल नावाच्या सामाईक फाइलींमध्ये भरून ठेवलेल्या फंक्शनांच्या रूपाने मिळते. कर्नल३२ मध्ये फाइली आणि प्रोसेस, यूझर३२ मध्ये खिडक्या आणि कळफलक, ॲडव्हापी३२ मध्ये रजिस्ट्री, सेवा आणि अधिकार, डब्ल्यूएस२_३२ मध्ये नेटवर्क. कोणत्या डीएलएलमधलं कोणतं फंक्शन लागणार हे प्रोग्राम आपल्या फाइलीतच लिहून आणतो. त्या यादीला आयात तक्ता म्हणतात, आणि तो वाचायला प्रोग्राम चालवावा लागत नाही. या विषयाचं सगळं आकर्षण या शेवटच्या वाक्यात आहे. साप पिंजऱ्यात असताना त्याचे दात मोजता येतात.

'आयात' हा शब्द आमच्या जिल्ह्याला नवा नाही. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे वऱ्हाड, असा काळ इथल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत अजून जिवंत आहे. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. गाडीत काय आहे हे नाक्यावर विचारायचं, कारण एकदा गाडी गावात शिरली की माल कोणत्या घरात उतरला ते शोधत बसण्यात अर्थ नसतो. आयात तक्ता तपासणं ही अशीच नाक्यावरची तपासणी आहे. तिच्या मर्यादाही नाक्याच्याच. गवताखाली काय दडवलंय ते नुसत्या विचारण्याने कळत नाही. त्याकडे पुढे येतोच.

आधी फाइलीची रचना थोडक्यात. विंडोजच्या चालणाऱ्या फाइलीचा जो साचा आज वापरात आहे, त्याचं नाव पोर्टेबल एक्झिक्युटेबल, म्हणजे पीई. १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर तो आला. फाइलीची पहिली दोन अक्षरं 'एम' आणि 'झेड'. डॉसच्या काळातल्या मार्क झ्बिकोवस्की या अभियंत्याच्या नावाची ही आद्याक्षरं, आणि जगातली प्रत्येक ईएक्सई फाइल ती आजही कपाळावर मिरवते. डॉस गेलं, गोंदण राहिलं. त्यानंतरच्या शीर्षकभागात निरनिराळ्या तक्त्यांचे पत्ते असतात, त्यांतला दुसरा पत्ता आयात तक्त्याचा. तिथे प्रत्येक डीएलएलसाठी वीस बाइटची एक नोंद असते आणि त्या नोंदीवरून त्या डीएलएलमधल्या हव्या असलेल्या फंक्शनांच्या नावांपर्यंत पोहोचता येतं. प्रोग्राम सुरू होताना विंडोजचा लोडर ही नावं वाचतो, त्या त्या फंक्शनचा स्मृतीतला खरा पत्ता शोधतो आणि तक्त्यात भरतो. काही वेळा नावाऐवजी नुसता क्रमांक असतो. आचारी जसा कधी "दुकानातल्या तिसऱ्या बरणीतलं" म्हणतो तसं. मग दुकान माहीत असल्याशिवाय वस्तू कळत नाही.

यंत्रणा एवढीच. वाचायचं कसं हे समजायला एक खरी फाइल घेऊ.

२७ जून २०१७. रायगड जिल्ह्यात उरणजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर. तिथलं एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे होतं, आणि त्या दिवशी त्याचं संगणकावरचं कामकाज कोलमडलं. कंटेनर कुठला, कुणाचा, कोणत्या जहाजावर चढवायचा हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर ट्रक जागच्या जागी थबकले. हे ज्या हल्ल्यातून घडलं त्याच्याशी उरणचा काडीचाही संबंध नव्हता. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर लहानमोठ्या कंपन्यांमध्ये सर्रास वापरलं जाई, त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा प्रोग्राम सोडला गेला, आणि तिथून तो मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं, की दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती खरी, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. ती खंडणी नव्हती, खंडणीचा मुखवटा घातलेली नासधूस होती.

आता त्या फाइलीची आयात यादी. नॉटपेट्या ही डीएलएल होती, आणि तिने बाहेर देऊ केलेल्या एकुलत्या एक फंक्शनला नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता : एक. मागायची यादी मात्र लांबलचक आणि उघडी. तीत कूटलेखनाची फंक्शनं होती, पण ती बँकेच्या सॉफ्टवेअरमध्येही असतात. प्रोसेसचे अधिकार वाढवून घेण्याची फंक्शनं होती, ती बॅकअपच्या साधनांतही सापडतात. संगणकावर साठवलेले पासवर्ड एकेक करून मागणारं क्रेड-एन्युमरेट होतं. इथे भुवई उंचावते. नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरांची गणती करणारी आणि त्यांना जोडून घेणारी फंक्शनं होती. भुवई आणखी वर. संगणक बंद करण्याचा आदेश देणारं फंक्शन होतं. आणि मग एक डीएलएल अशी होती, जी सामान्य प्रोग्रामच्या यादीत सहसा दिसतच नाही : डीएचसीपीएसएपीआय. तिच्यातलं डीएचसीपी-एनम-सबनेट-क्लायंट्स हे फंक्शन डीएचसीपी सर्व्हरला विचारतं, की तू ज्या ज्या संगणकांना पत्ते वाटलेस, त्या सगळ्यांची नावनिशी दे.

गावात आलेला पाहुणा पाणी मागतो, जेवण मागतो, रात्रीपुरती ओसरी मागतो. तो जर ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टीची वही मागू लागला, सोबत प्रत्येक घराच्या किल्ल्या कुठे ठेवतात ते विचारू लागला, आणि गावची वीज कुठून बंद होते याचीही चौकशी करू लागला, तर? प्रत्येक प्रश्नाला एखादं निरुपद्रवी उत्तर असेलही. तिन्ही मिळून नाही.

या पुस्तकात सांगायचं ते एवढंच आहे, बाकी पानं त्याच्या तपशिलांची. यादी कुवत सांगते, हेतू सांगत नाही. हेतूचा अंदाज कुवतींच्या संगतीवरून येतो. सुरी स्वयंपाकघरातही असते. सुरी, दोरी आणि शेजारच्या घराचा नकाशा एका पिशवीत निघाले, की बोलण्याचा सूर बदलतो.

ही संगत ओळखणं हेच वाचन. काही जोड्या नवशिक्यालाही आठवडाभरात पाठ होतात. ओपन-प्रोसेस, व्हर्च्युअल-अलॉक-एक्स, राइट-प्रोसेस-मेमरी आणि क्रिएट-रिमोट-थ्रेड ही चौकडी एकत्र दिसली, तर हा प्रोग्राम दुसऱ्या चालत्या प्रोग्रामच्या स्मृतीत जागा मागतो, तिथे काहीतरी लिहितो आणि ते तिथूनच चालवतो. परक्याच्या घरात चूल मांडण्याचा हा प्रकार. सेट-विंडोज-हुक-एक्स आणि गेट-असिंक-की-स्टेट यांच्याबरोबर नेटवर्कची फंक्शनं असली, तर कळफलकावरची टिपणं बाहेर जाण्याची शक्यता विचारात घ्यावी. फाइंड-फर्स्ट-फाइल, फाइंड-नेक्स्ट-फाइल आणि कूटलेखन : सगळ्या फाइली एकेक करून शोधणारा आणि कुलूप लावणारा. पण हाच संच फाइली सांकेतिक करून जपणाऱ्या प्रामाणिक बॅकअपचाही आहे. चौकडी डीबगरमध्येही असते. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हुक वापरतंच. आणि खुद्द अँटिव्हायरसची यादी एखाद्याने नाव झाकून वाचली, तर घाम फुटेल.

इथे एक कबुली. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांकडून मी आयात याद्यांवरून घातक फाइली ओळखणारा एक शोधक प्रोग्राम लिहून घेतला होता. 'वाईट' फंक्शनांची वीस नावं फळ्यावर लिहिली, आणि त्यांतलं एकही सापडलं तर फाइल संशयित, असा नियम केला. एका मुलीने त्याच आठवड्यात बनवलेला बेरीज-वजाबाकीचा प्रोग्राम त्या शोधकाने पकडला. वर्ग हसला, ती रडवेली झाली. फळ्यावरच्या यादीत इज-डीबगर-प्रेझेंट होतं : आपल्यावर कुणी डीबगर लावून नजर ठेवतंय का, हे विचारणारं फंक्शन. मालवेअर ते वापरतं हे खरं. पण मायक्रोसॉफ्टच्या सी++ कंपायलरने बांधलेल्या साध्यातल्या साध्या प्रोग्राममध्येही ते आपोआप येतं, कारण कंपायलर स्वतःच्या सुरक्षेचा थोडा कोड प्रत्येक प्रोग्रामच्या गाठोड्यात बांधून देतो. मुलीने ते मागितलंच नव्हतं. आचाऱ्याच्या यादीवर दुकानदाराने आपल्याकडून मीठ वाढवावं, तसं झालं. चूक तिची नव्हती, फळ्यावर यादी लिहिणाऱ्याची होती. त्या दिवसापासून मी पहिल्या तासाला कोणतंही फंक्शन वाईट म्हणत नाही.

या क्षेत्राचा इतिहास सांगताना पुण्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं, आणि त्यात नुसता अभिमान नाही. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करत करत संगणकांपर्यंत पोहोचले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने आजारी असत, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारी साधनं लिहायला घेतली. १९९०च्या दशकात पुण्याच्या एका दुकानातून सुरू झालेल्या या कामातून पुढे क्विक हील उभी राहिली. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. सुरुवातीच्या त्या काळातली पद्धत 'सिग्नेचर'ची : पकडलेल्या व्हायरसमधला बाइटांचा एक तुकडा खूण म्हणून जपून ठेवायचा आणि प्रत्येक फाइलीत तो शोधायचा. चोराच्या डाव्या गालावर तीळ आहे, म्हणून सगळ्यांचे डावे गाल पाहायचे. ती पद्धत वेगवान होती आणि अचूकही होती. अडचण अशी, की चोराने तीळ काढला की पोलीस आंधळे.

फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं, की प्रत्येक व्हायरस नेमका ओळखणारा आणि कधीही न चुकणारा प्रोग्राम तत्त्वतःच लिहिता येत नाही. म्हणजे या क्षेत्रात पूर्ण विजय पहिल्याच पानावर खोडलेला आहे. पुढचं सगळं काम अंदाज सुधारण्याचं.

रूपावरून वागणुकीकडे वळण्यात दोन निबंधांना मी पायरीचे दगड मानतो. पहिला १९९६ चा, स्टेफनी फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी शरीराच्या प्रतिकारशक्तीकडे पाहिलं आणि विचारलं, की प्रोग्रामलाही 'आपलं' आणि 'परकं' ओळखता येईल का. युनिक्सवरचा प्रोग्राम रोज कोणत्या क्रमाने सिस्टिम कॉल करतो, याचे छोटे छोटे तुकडे त्यांनी जमवले. नेहमीची चाल कळली, की वेडीवाकडी चाल उठून दिसते. दुसरा निबंध २००१ चा, मॅथ्यू शुल्झ, एलिआझार एस्किन, एरेझ झडोक आणि साल्व्हाटोर स्टोल्फो यांचा, आणि या पुस्तकाचा थेट पूर्वज तोच. फाइल न चालवता, तिने कोणत्या डीएलएल आणि कोणती फंक्शनं मागितली एवढ्यावरून यंत्राला शिकवता येईल का, हे त्यांनी तपासलं. त्यांच्याकडे एकूण ४,२६६ प्रोग्राम होते. पण आयात तक्ता असणाऱ्या पीई फाइली त्यांत फक्त २४४, आणि त्या २४४ मधल्या घातक फक्त ३८.

अडतीस! आज एखादा विद्यार्थी अडतीस नमुन्यांवरचा प्रबंध घेऊन आला तर परीक्षक त्याला दारातूनच परत पाठवतील. पण नांगराच्या पहिल्या तासाची लांबी कुणी मोजत नाही. सतरा वर्षांनी, २०१८ मध्ये, हायरम अँडरसन आणि फिल रॉथ यांनी एम्बर नावाचा संच सर्वांसाठी खुला केला. त्यात ११ लाख फाइलींची वैशिष्ट्यं आहेत, आयात फंक्शनांसकट. शिकण्याची साधनं आता कुणाच्या मेहरबानीवर अवलंबून नाहीत. उटनूरच्या मुलीला आणि स्टॅनफर्डच्या मुलाला हाच संच मिळतो.

मधल्या काळातली एक सोपी, देखणी युक्ती म्हणजे इम्पहॅश. मँडियंट या कंपनीने २०१४ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. आयात यादीतली नावं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने जोडायची आणि त्या ओळीचा एमडी५ ठसा काढायचा. एकाच टोळीने एकाच सामानातून बांधलेल्या फाइलींचे ठसे जुळतात, कारण यादीचा क्रम कोड लिहिण्याच्या आणि जोडण्याच्या सवयीतून येतो. बेत बदलला तरी यादीतलं आचाऱ्याचं अक्षर ओळखू येतं ना, तसंच. क्रम थोडा हलवला तर ठसा पार बदलतो, हा तिचा दुबळेपणा. तरी पहिल्या चाळणीला ती आजही हाताशी असते.

आता लपवाछपवी. ज्याला बेत लपवायचा आहे तो आचारी काय करील? यादीत लिहील, "भांडी आणि जळण द्या, बाकीचं वेळेवर सांगतो." विंडोजमध्ये याची सोय अधिकृतच आहे : लोड-लायब्ररी आणि गेट-प्रॉक-ॲड्रेस. ही दोन फंक्शनं मागितली, की प्रोग्राम चालू झाल्यावर हवं ते कुठूनही मागवता येतं. यूपीएक्ससारख्या पॅकरने आवळलेल्या फाइलीची यादी अशीच मोजक्या नावांची उरते. मोठी फाइल आणि तोकडी यादी, हाच मग संशयाचा मुद्दा होतो. मात्र आकार लहान करण्यासाठी पॅकर वापरणारे सज्जनही पुष्कळ आहेत.

वॉनाक्रायचं उदाहरण मला यात फार बोलकं वाटतं. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या त्या प्रोग्रामच्या पहिल्या फाइलीने इंटरनेटचा पत्ता उघडणारी, विंडोजमध्ये सेवा म्हणून ठाण मांडणारी, नेटवर्क कार्डांची माहिती काढणारी फंक्शनं यादीत उघड लिहिली होती. लपवली कोणती? क्रिएट-प्रोसेस आणि राइट-फाइल. म्हणजे ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं, अशी घरगुती फंक्शनं गेट-प्रॉक-ॲड्रेसने गुपचूप मागवली. कारण उघड आहे : पोटातली दुसरी फाइल बाहेर काढून चालवायची होती आणि ती कृती झाकायची होती. यादी वाचणाऱ्याने त्यामुळे 'काय आहे' याच्या बरोबरीने 'काय असायला हवं होतं आणि नाही' हेही पाहायचं. फाइलीत लिहिणारं फंक्शन ज्याच्या यादीत नाही असा एवढा मोठा प्रोग्राम? आजीने मैदा नसल्याचं पाहिलं होतं, ते हेच. आणि उघड लिहिलेल्या इंटरनेटच्या फंक्शनांनीच तो मालवेअर अडला, कारण एक विशिष्ट पत्ता उघडला तर तो स्वतःहून थांबत असे. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाने तो पत्ता नोंदवला आणि साथ ओसरू लागली.

भाषेनेही यादी बदलते, हे नवखे विसरतात. डॉटनेटमध्ये लिहिलेल्या फाइलीच्या आयात तक्त्यात बहुधा एकच नाव असतं, एमएससीओआरईई या डीएलएलमधलं. खरी यादी फाइलीत दुसरीकडे, मेटाडेटात असते. गो भाषेतले प्रोग्राम कर्नल३२ मधली ठरावीक फंक्शनं घेतात आणि गप्प बसतात. यादी आधी सांगते ती आचाऱ्याची जात : कुठल्या कंपायलरने शिजवलं. पदार्थ त्यानंतर.

उलटी युक्तीही आहे, यादी फुगवण्याची. वेइवेई हू आणि यिंग टॅन यांनी २०१७ मध्ये मॅलगॅन नावाचा प्रयोग मांडला. १६० एपीआय फंक्शनांपैकी कोणती आहेत आणि कोणती नाहीत एवढं पाहणाऱ्या शोधकाला फसवायला त्यांनी यंत्रालाच शिकवलं, आणि अट अशी, की फंक्शनं फक्त वाढवायची, काढायची नाहीत. काढलं तर प्रोग्राम मोडेल, वाढवलं तर काही बिघडत नाही. न वापरायचं केशर यादीत लिहून खानदानी दिसण्याचा हा प्रकार. म्हणून निव्वळ गुण देणाऱ्या शोधकापेक्षा कारण सांगणारा शोधक मला जवळचा वाटतो. एम्बरमध्ये डीएलएलची आणि फंक्शनांची नावं मिळून १,२८० कप्प्यांत घुसळून टाकली जातात. यंत्राला ते सोयीचं, पण अमुक फाइल का पकडली असं विचारलं तर कप्प्याचा क्रमांक हाती येतो. ज्या शिपायाला पंचनामा लिहिता येत नाही, त्याने कितीही चोर पकडले तरी न्यायालयात काय सांगायचं?

राहिला प्रश्न रेषा कुठे ओढायची हा. आदिलाबादच्या बाजार समितीत कापसाचा हंगाम सुरू झाला की दरवर्षी एक वाद ठरलेला असतो, ओलाव्याचा. भारतीय कापूस निगम आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं, बारापर्यंत भाव कापून घेतं, बाराच्या वर घेत नाही. पहाटेच्या दवात यंत्र चौदा दाखवतं, आणि तोच कापूस दुपारच्या उन्हानंतर अकरावर येतो. गाडी रांगेतून बाहेर काढलेल्या शेतकऱ्याला यंत्र खोटं वाटतं. यंत्र खोटं नसतं, वेळ चुकीची असते. शोधकाचंही तसंच आहे. २०१८ च्या फाइलींवर शिकलेला शोधक आजच्या फाइलींवर लावला, तर त्याचे आकडे पहाटेच्या कापसासारखे असतात. रेषा खाली आणली तर सज्जन अडकतात, वर नेली तर चोर सुटतात, आणि कोणत्या चुकीची किंमत कोण मोजतो हे रेषा ओढणाऱ्याला ठाऊक हवं. रुग्णालयातल्या संगणकावर खरा प्रोग्राम अडवला गेला तर ते नुकसान तक्त्यात 'खोटा गजर : एक' असं लिहून मिटत नाही.

पुस्तकाची हद्दही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतला मोठा भाग ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढला गेला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अमेरिकी यंत्रणांनी फास्टकॅश नावाने ओळखल्या जाणाऱ्या एटीएम चोऱ्यांबद्दल इशारा प्रसिद्ध केला, आणि त्यात वर्णन केलेले बँकांचे सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्स या प्रणालीवर चालणारे होते. तिथे पीई नाही, एक्सकॉफ नावाचा वेगळा साचा आहे. लिनक्सवर ईएलएफ आहे. प्रत्येकाला आपापली आयात यादी असते आणि वाचनाची रीत तीच राहते, पण अक्षरं नव्याने गिरवावी लागतात. या पुस्तकात फक्त विंडोज आहे. मोबाइलवरच्या एपीके फाइलींचा उपद्रव आपल्या गावांत सध्या जास्त आहे हे मला कळतं, पण तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा.

हे सगळं मराठीत का, असं मला तेलुगू माध्यमातले सहकारी विचारतात, आणि नांदेडचे मित्रही. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आमच्यापासून तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. जैनद आणि बेला मंडलांतल्या घरांत मराठी मात्र कुठेच गेली नाही. तिथली मुलं शाळेत एक भाषा, बाजारात दुसरी, संगणकावर तिसरी अशी कसरत रोज करतात. निदान विचार तरी चुलीजवळच्या भाषेत करता यावा, एवढीच खटपट. फंक्शनांची नावं मी भाषांतरित केलेली नाहीत, ती देवनागरीत फोडून लिहिली आहेत. राइट-प्रोसेस-मेमरीला 'प्रक्रियास्मृतिलेखन' म्हटलं असतं तर शुद्धतेचं समाधान मिळालं असतं, आणि वाचक पळाला असता.

लागणारं सामान थोडं आहे. पायथन, आणि एरो कॅरेरा यांची पीईफाइल ही मोफत लायब्ररी. यादी वाचायला फाइल चालवावी लागत नाही, हे खरं, पण घातक नमुना घरच्या संगणकावर ठेवू नका. चुकून दोनदा क्लिक व्हायला क्षण पुरतो. नमुने कायम वेगळ्या, जाळ्यापासून तोडलेल्या आभासी यंत्रातच ठेवावेत, आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत तुम्हाला त्यांची गरजही पडणार नाही. आधी सज्जनांच्या याद्या वाचा. ज्याने शंभर चांगल्या याद्या वाचल्या नाहीत, त्याला वाईट यादी ओळखू येत नाही.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एवढं करा. विंडोज १० असलेल्या संगणकावर सिस्टिम३२ फोल्डरमधल्या पाच प्रोग्रामांच्या आयात याद्या मित्राकडून काढून घ्या, पण फाइलींची नावं त्याला झाकायला सांगा. एका यादीत मजकूर शोधण्याची खिडकी मागणारं फाइंड-टेक्स्ट दिसेल, आणि छपाईच्या पानाची मांडणी विचारणारं पेज-सेटअप-डायलॉग. तो कोण, ते सांगा. वाटेत 'एपीआय-एमएस-विन' अशी सुरुवात असलेल्या विचित्र डीएलएल भेटतील. त्यांना तूर्त वळसा घाला, तिसऱ्या प्रकरणात त्यांचा पत्ता आहे. ज्या मुलीचा बेरीज-वजाबाकीचा प्रोग्राम आम्ही पकडला होता, तिने पाचपैकी चार ओळखले होते.

आदिलाबाद, पोळा